नंबराचा ठसा

सिरिलकाकांनी शेडमध्ये चाळीस वर्षं ताडपत्रीखाली ठेवलेली नॉर्टन मोटरसायकल पुतण्याला, कॉलिनला, दिली. तीन हिवाळे खपून त्यानं ती सुरू केली. मग जुन्या गाड्यांच्या क्लबच्या दाखल्यासाठी सांगाड्यावरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला आणि पाठवला.

आज उत्तर आलं.

पहिला मालक: होरेस ट्रँटर, कॉव्हेंट्री.

म्हणजे कॉलिनचे वडील. त्यांची गाडी लग्नाच्या आदल्या आठवड्यात चोरीला गेली होती. पुढे निवृत्त होईपर्यंत ते बसच्या रांगेत उभे राहिले.

कॉलिननं पत्र काकांपुढे धरलं. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि चहात बिस्किट बुडवलं.

"सख्ख्या भावाची, काका?"



"अरे, त्याला चालवता तरी कुठे येत होती?"