नाडी स्थिर

हेमांगीने मनगटावरचा पट्टा घट्ट केला. भिंतीवरच्या यंत्राने विचारलं, "आज काम मिळालं तर लगेच निघाल?"

"हो."

"घरात सांभाळायला लहान मूल आहे?"

"नाही."

घरात लहान मूल असलं की माणूस कामाला मोकळा आहे असं धरत नाहीत आणि बेकारी भत्ता बंद होतो. खोटं बोलताना नाडी जलद होते, ते पट्ट्याला लगेच कळतं. म्हणून हेमांगीने महिनाभर सराव केला होता. तिची चार वर्षांची लेक इरा हाका मारत राहायची आणि हेमांगी भिंतीकडे बघत सावकाश श्वास घ्यायची.

तेवढ्यात इरा रडत दारात आली. तिचा गुडघा फुटला होता. पट्टा दिसताच ती जागीच थांबली.

"हा आवाज कोणाचा?" यंत्राने विचारलं.

"शेजारच्यांची मुलगी आहे."

इराने हुंदका गिळला. "काकू, मला लागलंय."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"नाडी स्थिर. भत्ता मंजूर," यंत्र म्हणालं आणि त्याचा दिवा विझला.

हेमांगीने पट्टा काढला. तिला स्वतःच्या मनगटाकडे बघवेना. इरा अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"आता आई म्हणू?"