पुनवेची शर्यत

अकरा वाजले तरी प्रमुख पाहुणे आले नव्हते, आणि डॉमनिक खाडीकडे बघत होता.

मैदान देखणं, यात वाद नाही. एका बाजूला काळ्या कातळाची टेकडी, तिच्यातच पायऱ्या खोदून प्रेक्षकांची सोय केलेली. उरलेल्या तीन बाजूंना खाडी आणि तिवरं. बाहेरगावचे लोक येऊन फोटो काढतात. धावपट्टीचं पलीकडचं वळण तेवढं खाडीच्या जुन्या पात्रात आहे, आणि मोठ्या उधाणाला खाडी ते परत मागायला येते. हे फोटोत दिसत नाही.

डॉमनिक पाचूबंदरचा मच्छीमार. त्याची मुलगी शर्ली आज पंधराशे मीटर धावणार होती. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आली, तर राज्याच्या शिबिरात जाणार होती. वयाच्या हिशेबाने हे तिचं शेवटचं वर्ष.

शेवटी तो मैदानाच्या कचेरीत आयोजक रुडॉल्फ सरांकडे गेला.

"सर, पोरींची शर्यत आधी लावा. आज पुनवेचं उधान हाय. साडेअकरापासून वळनावर पानी येईल, सव्वाबारापर्यंत चढत राहील."

रुडॉल्फ सरांनी भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारीख त्यावरूनच ठरली होती. रविवार होता, कुठल्या गावचा सण नव्हता, संतांची नावं सगळी होती. तिथी तेवढी नव्हती.

"पाहुण्यांशिवाय सुरू कसं करू, डॉमनिकभाऊ?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याचे हात बांधलेले होते, म्हणजे त्यानेच बांधून घेतले होते.

पाहुणे आले, हार झाले, भाषण झालं. भाषणात निसर्गाचं फार कौतुक होतं. शिट्टी वाजली तेव्हा बाराला दहा कमी होते.

शर्ली सुरुवातीपासून पुढे होती. पहिल्या फेरीत वळणावर नुसतं पाणी उडालं. दुसरीत घोटे बुडाले. तिसरीत ती भात लावणाऱ्या बाईसारखी एकेक पाय उपसून टाकत होती. डॉमनिकने आयुष्यभर याच पाण्यावर पोट भरलं होतं. आज त्याला पाण्याचा राग आला, आणि तो काढायचा कुणावर, ते कळेना.

शर्ली पहिली आली. पाच मिनिटं एकोणीस सेकंद.

"पाणी होतं, मी पाहिलं ना," निवड समितीच्या आशालता मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पण कागदावर पाणी कुठे लिहू?"

"दोन तास थांबा, मॅडम. वळन मोकलं होईल."

"दोनला मला डहाणूत मुलांची निवड घ्यायचीय."

त्या गेल्या. मागोमाग पाहुणे गेले, मांडव उतरला.

दोन वाजता वळण उघडं पडलं, डॉमनिक म्हणाला होता तसंच. शर्लीने बुटांतलं पाणी झटकलं, नाड्या आवळल्या आणि आपल्या मोबाइलवर स्टॉपवॉच उघडून तो डॉमनिकच्या हातात दिला.

"पप्पा, मी निघाले की हे हिरवं बटण दाबा. आले की लाल."

आणि ती धावली. पावणेचार फेऱ्या. वळणावर तिचा पाय एकदाही अडला नाही.

रेषा ओलांडून ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

"किती, पप्पा?"

डॉमनिकने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. हिरवं बटण दाबायचंच राहिलं होतं. ती धावत होती तेवढा वेळ तो पाण्यावर नजर ठेवून उभा होता.