आधी तू बोल

"आधी तू बोल," सर म्हणाले.

तिने ग्लास कलता धरून वाइनचा रंग पाहिला. नाक आत घातलं, एक घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. "उन्हाळा कडक गेलेला. पिकलेलं आलुबुखार, थोडी मिरी. पिंपात जरा जास्तच ठेवलीय."

मग सरांनी घोट घेतला, डोळे मिटले, थुंकले. "ठीक. पण आलुबुखार पिकलेलं नाही, वाळत आलेलं. अजून कच्ची आहेस."

तिने मान हलवली. सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वर्तमानपत्रातल्या त्यांच्या सदरात कौतुक आलं की दुकानांत रांगा लागायच्या, आणि त्यांनी नाक मुरडलं की मळेवाल्याचा माल पडून राहायचा.

शाळेतली रसायनशास्त्राची नोकरी सोडून ती सरांची मदतनीस झाली, ती एकाच आशेने. तिला पारखीची मोठी परीक्षा द्यायची होती. त्या परीक्षेला गुरूची शिफारस लागते, आणि सर दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू."

घरच्यांना यातलं काही पटत नव्हतं. तिच्या नाकापायी घरात कांदा चिरायचीही चोरी झाली होती. दादा तर चिडवायचाच, "एवढी शिकलीसवरलीस आणि नोकरी कसली, तर थुंकायची!"

दादाने स्वतः डोंगरउतारावर द्राक्षं लावली होती. त्याच्या वाइनची पहिली बाटली घरी उघडली तेव्हा आईने तोंड वाकडं केलं. अर्थात आई कुठलीही वाइन चाखली की तोंड वाकडंच करायची. माल खपेना. वेली उपटून टाकायच्या, असं दादाच्या मनात घोळत होतं.

एकदा ती चाखायच्या खोलीत शिरली तर धूर. कोपऱ्यातल्या शेगडीवर कॉफीचं दूध करपून कोळसा झालं होतं आणि सर तिकडे पाठ करून शांतपणे वाचत बसले होते.

"सर, दूध!"

सरांनी मागे वळून पाहिलं. "माहीत आहे. बघत होतो, तुला वास यायला किती वेळ लागतो."

तिने ओशाळून शेगडी बंद केली आणि पातेलं घासायला घेतलं.

त्याच हंगामात लेबलं झाकलेल्या बाटल्यांत दादाची वाइनही चाखायला आली. तिने ओळखली. जरा जास्तच वेळ ग्लास नाकाशी धरला. "रानातली ओली माती," ती म्हणाली, "आणि जुनं चामडं. यातली सगळ्यांत वरची हीच."

"घरचा माणूस म्हणून तर नाही ना?" लेबलं उघडल्यावर सरांनी विचारलं.

"झाकलेली होती ना, सर."

सदरात 'रानातली ओली माती' छापून आलं. महिनाभरात ज्याच्या त्याच्या तोंडी तीच माती. दादाला सुवर्णपदक मिळालं, वेली वाचल्या. बहिणीने नाव नव्हे, नाक काढलं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला.

अशी वर्षं गेली. मग सरांबरोबर शिकलेल्या एक परीक्षक बाई पाहुण्या म्हणून आल्या. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि चारचौघांत सरांना विचारलं, "हिला अजून का पाठवली नाहीस रे? लोणचं घालतोस का?"

सर हसले. सही करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

परीक्षा पांढऱ्या भिंतींच्या खोलीत होती. सर मुख्य परीक्षक, सोबत त्या बाई आणि एक टकले गृहस्थ. प्रत्येक बाटली आधी मुख्य परीक्षकाने एकट्याने तपासून द्यायची, असा नियम. उमेदवाराला तेव्हा खोलीत प्रवेश नाही. नंतर उमेदवार बोलणार, आणि मगच बाकीचे चाखणार.

ती न अडखळता बोलत गेली. शेवटचा ग्लास नाकाशी नेला आणि थांबली. ओल्या पोत्याचा वास. बूच कुजलं होतं.

सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"ही बाटली बिघडलेली आहे," ती म्हणाली.

टकल्या गृहस्थांनी सरांकडे पाहिलं. "बाटल्या तर तुम्हीच तपासल्या होत्या..."

"सरांची पद्धतच आहे ती," ती सहज म्हणाली. "चांगल्यांत एक वाईट ठेवतात. शिष्याला कळतं का बघायला."

बाईंनी ग्लास हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "शी! कसाई आहेस नुसता!"

"बघत होतो," सर सावकाश म्हणाले, "किती वेळ लागतो."

ती उत्तीर्ण झाली. सगळे टाळ्या वाजवून पांगले. बाहेरच्या बाकावर सर एकटेच बसले होते. ती शेजारी बसली.

"कधी कळलं तुला?"

"दूध करपलं तेव्हा."

"तापात गेला माझा वास," सर म्हणाले. "आज येईल, उद्या येईल, म्हणत राहिलो. तू गेली असतीस तर मी उघडा पडलो असतो. म्हणून अडवलं तुला."

तिला त्यांची खरोखर दया आली. एवढा मोठा माणूस, पण खाली मान घालून बसला होता.

"इतकी वर्षं मी जगाशी खोटं बोललो," सर म्हणाले. "तू मात्र माझ्यापाशी एकदाही खोटं बोलली नाहीस."

"एकदा बोलले, सर," ती म्हणाली. "दादाच्या वाइनला ओल्या मातीचा वास येत नाही. त्याची पिंपं शेळ्यांच्या गोठ्यात असतात."