मानलेलं शिखर

“आलो, दाजी! हेच शिखर,” मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच आनंदी होता.

टेलिफोन ऑपरेटर थांबला. मेहुण्याच्या कोपरावरचा हात काढून त्याने पांढरी काठी जमिनीवर फिरवली. जमीन सपाट होती. समोर पाच-सात जणांनी टाळ्या वाजवल्या. “अभिनंदन, सर! मी या मोहिमेची संयोजक,” म्हणत एका बाईने त्याच्या गळ्यात पदक घातलं.

सकाळपासून सहा तास तो चढत होता. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्याची बावीस वर्षं गेली होती. तिथल्याच ओळखीतून एकेका आवाजाला गाठून त्याने देणग्या कबूल करून घेतल्या होत्या. अंध मुलींच्या वसतिगृहावर आणखी एक मजला चढवायचा होता. अकरा मुली जागेअभावी घरी बसून होत्या. “शिखर गाठलंत तर देऊ,” असं देणारे म्हणाले होते. काही कौतुकाने, काही आपली सुटका होईल म्हणून.

“बसा, दाजी. पाणी घ्या. जिंकलात तुम्ही.”

तो बसणार, तेवढ्यात वरून बारीक दगड घरंगळत आले. पाठोपाठ बुटांचे आवाज. “बाजूला व्हा हो, उतरू द्या,” कुणीतरी धापा टाकत म्हणालं, आणि चार-पाच माणसं त्याला घासून खाली गेली.

“काय रे,” ऑपरेटरने शांतपणे विचारलं, “ही माणसं कुठून उतरली? आभाळातून?”

बाईच घाईने म्हणाली, “सर, वर फक्त शेवटचा टप्पा राहिलाय. नुसता कडा आहे, साखळी धरून जावं लागतं. म्हणून तुमच्यासाठी समितीने इथंच शिखर मानलंय. प्रमाणपत्रावर पूर्ण उंची लिहिलीय. तुम्ही पोचलात असंच आम्ही देणगीदारांनाही कळवणार.”

“मानलेला भाऊ ऐकलाय, मानलेली बहीण ऐकलीय,” ऑपरेटर म्हणाला. “मानलेलं शिखर आजच ऐकतोय.”

“मीच सांगितलं होतं यांना,” मेहुणा म्हणाला. आता कुठे त्याचा खरा आवाज लागला होता. “ताईने मला शपथ घातलीय. तुम्हाला काही झालं तर तिला काय तोंड दाखवू? मजला काय, इथं थांबलात तरी बांधला जाणारच आहे. मग हा हट्ट कशाला?”

“साहेब मीटिंगमध्ये आहेत, हे मी दिवसातून वीस वेळा सांगतो. ते खोटं पगार घेऊन बोलतो. त्या मुलींच्या नावावर नाही बोलणार.”

त्याने पदक काढलं आणि बाईचा आवाज जिथून येत होता तिकडे धरलं. तिने ते घेतलं.

“सर, तुम्ही पडलात तर जबाबदारी आमच्यावर येते.”

“हे बाकीच्यांना सांगितलंत?”

“बाकीच्यांना दिसतं, सर.”

“दिसणारी माणसं पडत नाहीत वाटतं.”

ऑपरेटर दगड घरंगळले होते त्या दिशेने चालायला लागला. दोन पावलांवर त्याचं डोकं खडकाला आपटलं. मेहुणा शिव्या देत मागे धावला आणि त्याने त्याचा हात साखळीवर नेऊन ठेवला. “मरा,” तो म्हणाला. “चला.”

साखळी गार होती. ऑपरेटरने काठी दुमडून पाठीवरच्या पिशवीत टाकली. हात, पाय. हात, पाय. एकदा बूट सटकला आणि गुडघा सोलवटून निघाला. क्षणभर त्याला वाटलं, बाई बरोबर बोलत होती. मग त्याने पायाने पुन्हा चाचपलं. खाच सापडली.

अर्ध्यावर मागची साखळी हलेनाशी झाली.

“दाजी,” खालून आवाज आला, पार चिरकलेला. “मला नाही जमत. खाली दरी आहे.”

“खाली बघू नकोस.”

“नजर जातेच हो!”

“मग डोळे मीट. त्यांच्यावाचून काही अडत नाही.”

“मिटले,” मेहुणा म्हणाला.

“उजव्या हाताला, खांद्याच्या वर, खाच आहे. धरलीस? आता डावा पाय. अजून वर. तिथं.” घाबरलेल्या नातेवाइकांना ‘थांबा, जोडून देतो’ म्हणायच्या आवाजात तो एकेक जागा सांगत राहिला. सांगायची म्हणून प्रत्येक खाच त्याला आधी स्वतः नीट शोधावी लागत होती. त्या नादात स्वतःची भीती कुठे गेली ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

साखळी संपली. त्याने हात पुढे केला. खडक नव्हता. नुसता वारा.

वळून त्याने मेहुण्याला मनगटाला धरून वर ओढलं. मेहुणा तिथंच फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. डोळे अजून मिटलेलेच.

इथं टाळ्या नव्हत्या. कुणी बिस्किटं खात होतं, कुणी नव्या बुटांना नावं ठेवत होतं. वरती आलेल्या दोघांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गुडघ्यातून रक्त पोटरीवर उतरत होतं. ऑपरेटर सरळ उभा राहिला.

“अहो काका,” मागून एक मुलगी वैतागून ओरडली, “जरा सरका ना! फोटोत येताय.”

“येऊ दे,” ऑपरेटर म्हणाला आणि पाय रोवून तिथंच उभा राहिला.