बिजलीची उलटतपासणी

बिजलीच्या कानामागे आठवणी वाचणारी चकती चिकटवली, तशी भिंतीवर त्या कुत्रीला दिसलेली दुपार उमटली. सभेच्या मैदानाचं गेट दूर दूर जात होतं, आणि कडेला तिला सांभाळणाऱ्या हवालदार ढवळ्यांचा खांदा दिसत होता.

ढवळ्यांच्या चौकशीत पोलीस खात्याची बाजू मांडणाऱ्या इनामदारसाहेबांनी चित्र तिथेच थांबवलं. "ढवळे बंदोबस्त सोडून गेले, सिद्ध झालं. जनावराची आठवण खोटं बोलत नाही."

आपला लेखी जबाब कुणी वाचलाच नाही, हे ढवळ्यांना कळून चुकलं. ते उभे राहिले. "मॅडम, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायचा हक्क आहे ना मला?"

"कुत्रीची?" इनामदार फिसकन हसले.

चौकशी अधिकारी सबनीस मॅडम हसल्या नाहीत. "आहे. घ्या."

ढवळ्यांनी टोपी काढून उलटी केली, तिच्यात ग्लासातलं पाणी ओतलं आणि बिजलीपुढे धरली. तिने हुंगलं मात्र, भिंतीवरचं चित्र बदललं. तापून चकाकणारं डांबर. बिजलीचा तोल गेला तसं तिच्या डोळ्यांपुढे आडवं झालेलं गेट. उचलून खांद्यावर घेणारे दोन हात. मग कडुलिंबाची सावली, आणि पाण्याने भरलेली हीच टोपी.

ढवळे बिजलीची मान खाजवत राहिले.

"आता माझा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "हिला एवढ्या उन्हात उभं करायचा हुकूम कुणाचा?"

इनामदार खुर्चीत चुळबुळले. त्या आवाजाने बिजलीने त्यांच्याकडे मान वळवली, आणि भिंतीवर खुद्द इनामदार उमटले, गेटकडे बोट दाखवत, छत्रीखाली उभे.