फताडं पाऊल

"थांब! तितंच थांब!"

कस्तुराबाई ओरडल्या तेव्हा त्यांच्या नातीचा, सृष्टीचा, एक पाय उंबऱ्याबाहेर होता आणि एक नव्या फरशीवर. हातात गौरीचा मुखवटा, मागे ताट वाजवणारी आई. या घरची रीत अशी, की कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि पावलं उमटवत गौर देवघरापर्यंत आणायची. आजवर घरात सारवलेली जमीन होती. तिच्यावर नुसता लाल फराटा उठायचा. यंदा सृष्टीच्या वडलांनी लोणावळ्याहून पांढरीशुभ्र फरशी आणून बसवली, आणि फरशी काही पोटात ठेवत नाही.

सृष्टीचं पाऊल अख्खं उमटलं होतं. टाचेपासून बोटांपर्यंत, मध्ये बाक म्हणून नाहीच.

"आगं बया! फताडं पाऊल! असल्या पावलानं लक्ष्मी घरात येती व्हय?" कस्तुराबाईंनी सुनेकडे पाहिलं. "सविता, तुज्या म्हायेरचं हाय हे. आमच्यात न्हाई कुणाचं."

सविताचा चेहरा उतरला. सृष्टीचे डोळे भरले. गेल्या वर्षी जरा धावली की पोरीच्या पोटऱ्या भरून यायच्या. वडगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तळवे सपाट आहेत, हा काही रोग नव्हे, पण दुखतंय तर काळजी घ्यायची. बुटात आधाराची गादी घाला, टाचा उचलायचा व्यायाम करा, जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करा. पाऊल सपाटच राहील, दुखणं मात्र पळेल. पोरीने इमानेइतबारे सगळं केलं आणि लोहगड कुठेही न बसता चढून आली. आता स्वतःच्याच घरात चार पावलं चालायला ती नालायक ठरली होती. संताप येणार नाही तर काय!

"आण हिकडं. मीच आणते," म्हणत कस्तुराबाईंनी मुखवटा घेतला. पाय कुंकवात बुडवले आणि ठसक्यात निघाल्या. कितीही तेल चोळलं तरी त्यांच्या टाचा ठणकायच्या, तशा आजही ठणकत होत्या. त्या देवघरापाशी पोचल्या तेव्हा मागून सविताचा आवाज आला.

"आत्याबाई, वाईच मागं बघा."

कस्तुराबाई वळल्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलंच पावलं. अख्खीच्या अख्खी. सृष्टीच्या पावलाची थोरली बहीण शोभावी अशी.

खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान, महिपतीआबा, खो खो हसायला लागले. "आगं, ह्याच पायांनी तू आलीस आन् दोन खणाचं घर आठ खणाचं झालं! फताडं म्हणं!"

कस्तुराबाई हट्टी खऱ्या, पण खोट्या नव्हत्या. त्या उंबऱ्यापर्यंत परत आल्या आणि मुखवटा नातीच्या हातात ठेवला. "त्यो टावेल मलाबी शिकीव गं उद्यापास्नं." मग पदर सावरून देवघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि दरवर्षीचा प्रश्न खणखणीत आवाजात विचारला, "गौर आली, गौर आली! कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर ठरलेलं असतं. सोन्याच्या पावलांनी.

सृष्टीने फरशीवर अख्खं पाऊल दणक्यात टाकलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आज्जीच्या पावलांनी!"