कोरी फेरी

"बाई, आवाज नीट येतोय ना?" दहावीतल्या मुलीने विचारलं. मानसशास्त्राच्या बाईंनी हेडफोन कानांवर घट्ट बसवला आणि मान हलवली. आजवर मुलांच्या संशोधनातल्या चुका काढणाऱ्या बाई आज स्वतःच प्रयोगाला बसल्या होत्या.

प्रयोग तसा सोपा. परक्या तरुणांचे आवाज, प्रत्येकाचा एकच शब्द, 'आई'. मध्येच आपल्या मुलाचा आवाज आला की बटण दाबायचं. मुलीने हे सगळं पहिल्यांदा मांडलं तेव्हा बाईंनी तिची चांगलीच हजेरी घेतली होती. एखाद्या आईला कोरी फेरीही द्यायला हवी, जिच्यात तिचं मूल नाहीच, आणि तिला ते कळता कामा नये. नाहीतर ती खरंच ओळखतेय की तिला भास होतोय, हे कसं समजणार? पोरीला अगदी रडकुंडीला आणलं होतं.

मग ठरलेली एक आई आयत्या वेळी आलीच नाही. मी बसते, बाई म्हणाल्या. आवाज फोनवरून रेकॉर्ड करायला मुलाचा नंबरही त्यांनीच दिला. भांडून घर सोडल्यापासून तो आईचा फोन घेत नव्हता. पण शाळेतल्या पोरीला नाही म्हणणं त्याला जड जाईल, असा बाईंचा होरा. प्रयोगासाठी का होईना, एकदा 'आई' म्हणेल. त्या एका शब्दासाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

पहिले चार आवाज गेले. बाई ढिम्म. पाचव्याला त्यांनी बटण असं दाबलं की टेबल हललं.

"घसा बसलाय गं त्याचा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "गार हवा सोसतच नाही त्याला, लहानपणापासून."

मुलीने पडद्यावरची नोंद पुन्हा एकदा तपासली.

"बाई, तुमची फेरी कोरी होती," ती म्हणाली. "तुमच्या मुलाने फोन उचललाच नाही. मी तुमची नोंद काढून टाकते."

बाईंनी हेडफोन काढला नाही.

"नोंद काढायची नाही. चुकीची ओळख, असं लिही," त्या म्हणाल्या. "आणि तो पाचवा आवाज परत एकदा लाव."